पाय दुखत होते, गळा कापला

आमच्या जीपमध्ये कुणी नवीन माणूस बसला, की काशिनाथ ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "शिस्टर, तो किस्सा सांगा ना!"

"कोणता?"

"तोच हो. तुमच्या आजाराचा."

आता 'तोच' म्हणजे नेमका कोणता? आजार एकच झाला, पण किस्से किती झाले याचा पत्ता नाही. आणि ते सगळे मी एकटीने जमवलेले नाहीत. अर्धे काशिनाथने जमवले, थोडे भोयेगुरुजींनी, बाकीचे आमच्या घरच्यांनी. माझं काम एवढंच, की मी आजारी पडले!

मी वनिता, नर्स. राहते जव्हारला. माझं उपकेंद्र मोखाड्याच्या अलीकडे एका फाट्यावर आहे. रोज सकाळी काशिनाथची जीप, आणि जीपमध्ये रोजचीच माणसं. त्यात जामसरचे भोयेगुरुजी. तेही मोखाड्याकडच्या शाळेत जातात.

आजाराचं म्हणाल तर थोडक्यात सांगते. आपल्या गळ्यात, थायरॉईडच्या मागे, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. पॅराथायरॉईड. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम. माझ्या चारपैकी एक माजली. फुगली, आणि हाडांतलं कॅल्शियम ओढून ओढून रक्तात ओतायला लागली. परिणाम काय? हाडं दुखायला लागली आणि स्नायू गळाठले. मांड्यांत जोर नाही, खांद्यांत जोर नाही. खाली बसले तर उठता येईना, वेणी घालायला हात वर जाईना. आणि हे सगळं त्या दाण्याएवढ्या ग्रंथीमुळे होतंय, हे कळायला दोन वर्षं गेली. तोवर मी सगळ्यांना सांगत होते, "वय झालं!" काशिनाथ हळूच म्हणायचा, "वजन पण झालं."

\*

जीपची मागची पायरी तशी काही फार उंच नाही. पण त्या दिवसांत मला ती शिरपामाळाच्या टेकडीएवढी वाटायची. एक पाय वर ठेवायचा आणि मग दुसऱ्याची वाट बघायची. दुसरा काही यायचा नाही.

आत बसलेले भोयेगुरुजी फार सभ्य माणूस. मदत तर करायची, पण परक्या बाईमाणसाला हात धरून वर ओढायचं म्हणजे त्यांना संकटच! एक दिवस त्यांनी मार्ग काढला. आपली काळी छत्री उलटी करून मूठ माझ्याकडे पुढे केली. म्हणाले, "धरा सिस्टर. मी ओढतो."

मी मूठ धरली. गुरुजींनी पाय रोवले. काशिनाथने खाली वाकून बघितलं आणि ओरडला, "हां, हां, येतंय, येतंय!" जणू विहिरीतून बादलीच येतेय.

आणि मूठ निघाली!

मी मूठ घेऊन रस्त्यावर बसले. गुरुजी उरलेली छत्री घेऊन आतल्या बायकांच्या पाट्यांवर बसले. कुणाला लागलं नाही, पण एका पाटीत अंडी होती, ती राहिली नाहीत.

दोन माणसांनी मला उचलून आत बसवलं. मी शरमेने लाल होऊन छत्रीची मूठ गुरुजींना परत करायला गेले, तर ते शांतपणे म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडेच. उद्या परत लागेल."

\*

आता मी नर्स. गावात सगळ्यांना आरोग्याचं ज्ञान वाटणारी! मग स्वतःला काय झालंय ते मी स्वतःच ठरवलं. हाडं दुखतात? अंगात जोर नाही? कॅल्शियम कमी! गरोदर बायकांना मी हेच तर सांगत फिरते. "कॅल्शियमची गोळी चुकवायची नाही. हाडं मजबूत, स्नायू मजबूत!" हे माझं भाषण आमच्या भागातल्या पोरासोरांनासुद्धा पाठ आहे.

मी मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि सुरू केल्या. बरं वाटेना. मग डोस वाढवला. आणखी गळाठले. मग म्हटलं, गोळी चांगल्या कंपनीची नसेल. महागातली आणली!

शेवटी मुतखड्याने पोटात अशी कळ आली, की आमच्या यजमानांनी मला गाडीत घालून थेट नाशिकला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. रिपोर्ट बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुमचं कॅल्शियम फार वाढलंय. हे कशामुळे ते शोधावं लागेल. तुम्ही काही गोळ्या वगैरे घेता का? कॅल्शियमच्या?"

मी छताकडे बघितलं. चोवीस वर्षांची नोकरी डोळ्यांपुढून गेली.

पण आमचे प्रकाशराव शेजारीच बसलेले. बायकोची बाजू घ्यायची संधी ते कधी सोडत नाहीत. अभिमानाने म्हणाले, "घेते ना डॉक्टर! अगदी वेळेवर. त्या बाबतीत हिचं काम चोख असतं. मलासुद्धा देते!"

डॉक्टरांनी पेन उचललं. म्हणाले, "मग तुमचंही रक्त काढूया का?"

\*

ऑपरेशन ठरलं. गळ्यावर छोटी चीर देऊन ती माजलेली ग्रंथी काढायची. मी जीपमध्ये सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. पॅराथायरॉईड, कॅल्शियम, स्नायू, सगळं. काशिनाथ गंभीरपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजे इंजिन चांगला हाय, फक्त डिझेल जास्ती सुटतंय."

इतकं सोपं मला वीस मिनिटांत सांगता आलं नव्हतं!

पण पाड्यांवर जे पोचलं ते वेगळंच. आमच्याकडे सुमन म्हणून आशा कार्यकर्ती आहे. चुणचुणीत बाई. तिने घरोघर सांगितलं, "शिस्टरच्या पायात जोर नाय, म्हणून नाशिकला गला कापनार हायत." खरं तर एक शब्दही चुकीचा नव्हता. पण ऐकणाऱ्यांनी तोंडावर हात ठेवले. एक बाई म्हणाली, "पाय दुखं आन् गला कापला? डॉक्टर वाट चुकला काय?"

ऑपरेशननंतर मी कामावर परतले तेव्हा पहिला आठवडा माझा गळा बघायलाच माणसं येत होती. बायका पदर बाजूला करायला लावायच्या, व्रण बघायच्या, मग माझ्या पायांकडे बघायच्या, परत व्रणाकडे. दोन्हींचा संबंध लागेना.

एक म्हातारबाबा होते. त्यांचा गुडघा वर्षानुवर्षं दुखतो. दर खेपेला माझ्यापुढे पाय पसरून बसणार आणि 'काहीतरी मोठा इलाज कर' म्हणून मागे लागणार. त्या दिवशीही आले. पाय पसरला. तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या गळ्याकडे गेलं.  मग पाय आखडून घेतला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि काठी टेकत उठले.

"काय बाबा, गुडघा?"

"बरा हाय, शिस्टर! एकदम बरा हाय!"

\*

जरा मागे जाते. ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट.

ग्रंथी काढली की रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येतं. इतकी वर्षं लुटलेली हाडं जे मिळेल ते कॅल्शियम अधाशासारखी ओढून घेतात. ओठांभोवती मुंग्या येतात, बोटांना वांब येतात. मला हे आधी सांगितलेलं होतं. नर्सिंगला असताना मी परीक्षेत लिहिलंही होतं. पण पेपरात लिहिणं वेगळं आणि स्वतःच्या हाताने करून दाखवणं वेगळं!

दुपारची वेळ. आमचे हे खुर्चीवर बसून हॉस्पिटलची खिचडी खात होते. माझी, मला जात नव्हती म्हणून. तिथली तरुण सिस्टर बीपी घ्यायला आली. दंडाला पट्टा बांधला, हवा भरली. आणि माझा हात आपोआप वाकडा व्हायला लागला. मनगट दुमडलं, पाची बोटं एकत्र येऊन ताठ चिमटीसारखी झाली. सुटता सुटेनात! हेच ते लक्षण, कॅल्शियम घसरल्याचं. मला कळत होतं, पण घशातून आवाज निघत नव्हता. गळ्याच्या ऑपरेशनमुळे तो बसलेला. मी डोळे मोठे करून तो चिमटीवाला हात ह्यांच्याकडे हलवायला लागले.

ह्यांनी घास गिळला. माझ्या हाताकडे बघितलं. आणि समजुतीने मान हलवत म्हणाले, "हो गं. मीठ कमीच आहे."

बरं, त्या पोरीला कळलं. ती धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली, शिरेतून कॅल्शियम चढवलं आणि हळूहळू बोटं सुटली. त्या तासाभरात मी खरोखर घाबरले होते. हात असाच राहिला तर? सुई कशी धरायची? घर कसं चालायचं? डोळ्यांतून पाणी आलं माझ्या. ह्यांनी माझा तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला आणि बोटं एकेक करून चोळत बसले. 

रात्रीची खिचडी आली तेव्हा मात्र चवीला आधी थोडी चाखली आणि म्हणाले, "आता सांगायची गरज नाही. मी घरून मीठ मागवलंय."

\*

डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, "हाडं भुकेली आहेत. गोळ्या वेळेवर घ्या, खाणंपिणं नीट ठेवा." झालं! ह्यांनी फोनवर सगळ्यांना कळवलं, "हिची हाडं भुकेली आहेत!"

त्यातला 'हाडं' हा शब्द वाटेत कुठेतरी गळला. 'भुकेली' तेवढा पोचला.

नणंदेने डिंकाचे लाडू पाठवले. शेजारच्या काकूंनी तिळाची चिक्की. सुमन नाचणीचं पीठ घेऊन आली. काशिनाथने डहाणूच्या पाहुण्यांकडून सुके बोंबील मागवले आणि स्वतः घरी आणून दिले. वर दारातच सांगून गेला, "काट्यासकट खायचे, शिस्टर. आतला कॅल्शियम टाकायचा नाय." भोयेगुरुजी भेटायला आले ते हातात एक छोटी डबी घेऊन. मला वाटलं, अंगारा असेल. उघडून बघते तर चुना! पानाला लावायचा.

"गुरुजी, हे काय?"

"कॅल्शियमच आहे." गुरुजी विज्ञान शिकवतात. "भिंतीला लावला तर भिंतसुद्धा टिकते."

मी चुना बाजूला ठेवला. बाकीचं कुणाचंच मन मोडलं नाही. महिन्याने तपासणीला गेले तर डॉक्टरांनी वजनकाट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हाडं जेवली वाटतं!"

\*

रक्त सुधारलं तरी स्नायू काही लगेच जागे होत नाहीत. दोन वर्षं झोपा काढल्या होत्या त्यांनी. त्यासाठी जव्हारमध्ये एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे जायला लागले. नाव मृणाल. बोलायला गोड, पण कामात कडक.

पहिल्या दिवशी तिने माझ्या हातात एक यंत्र दिलं. मूठ आवळायची, किती जोर आहे ते काट्यावर दिसतं. मी खोल श्वास घेतला, डोळे मिटले, दात खाल्ले आणि जीव खाऊन आवळलं. कपाळाला घाम फुटला.

मृणाल म्हणाली, "छान. आता दाबा."

दुसरा व्यायाम खुर्चीचा. हात छातीशी घडी घालून खुर्चीत बसायचं आणि हाताचा आधार न घेता उभं राहायचं. परत बसायचं, परत उभं राहायचं. सुरुवातीला मला एकदाही जमेना. नुसती पुढे झुकायचे आणि मागे पडायचे. मग उशी घालून खुर्ची उंच केली, तेव्हा कुठे जमायला लागलं. मृणाल म्हणाली, "घरी रोज सकाळ-संध्याकाळ करा."

घरात गरम होतं म्हणून मी संध्याकाळी खुर्ची दाराबाहेर ओट्यावर मांडायला लागले. आमच्या गल्लीत एक रिटायर्ड तलाठी भाऊसाहेब राहतात. रोज संध्याकाळी फिरायला निघतात. एक दिवस ते समोरून जात असताना माझी उठायची वेळ आणि त्यांची जायची वेळ एक झाली. मी हात छातीशी घेऊन सावकाश उभी राहिले. भाऊसाहेब थबकले. त्यांनी मान लववली आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी परत तसंच! तिसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातलेला होता. मग ते जाताना एकदा आणि येताना एकदा आमच्या दारावरून जायला लागले. पुढे पुढे तर कोपऱ्यावरून वळून तिसऱ्यांदासुद्धा! मी आपली घाम पुसत उठते आहे, बसते आहे. भाऊसाहेब हात जोडतायत. मला वाटलं, किती प्रेमळ माणूस, रोज हुरूप देतो!

मग मध्ये दोन दिवस मला ताप आला. खुर्ची बाहेर निघाली नाही. तिसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी ह्यांना बाजारात बाजूला घेतलं. चेहरा पडलेला.

"माझं काही चुकलं का?"

"म्हणजे?"

"नाही, या गावात इतकी वर्षं नोकरी केली. रिटायर झाल्यावर मला बघून उठून उभं राहणाऱ्या एकट्या तुमच्या मिसेस होत्या."

ह्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा हसून हसून माझ्या टाक्यांची जागा दुखली. पण खरं सांगायचा धीर आम्हा दोघांनाही झाला नाही. मी बरी झाले, व्यायाम संपला, तरी भाऊसाहेब दिसले की मी अजून उठून उभी राहते. मृणाल म्हणते, "म्हणूनच तुमच्या मांड्या एवढ्या सुधारल्या!"

\*

रजा संपली. कामावर जायचा पहिला दिवस. मी मनाशी ठरवलेलं, की आज जीपमध्ये कुणाचा हात धरायचा नाही, गुरुजींची छत्री नाही, काही नाही. आपल्या पायांनी चढायचं!

स्टँडवर पोचले. जीप उभीच होती. मी पिशवी आधी आत टाकली. मागच्या दांड्याला धरलं, एक पाय पायरीवर ठेवला आणि मृणालने सांगितल्याप्रमाणे पुढे झुकून, मांडीत जोर घेऊन... हूं! आले की वर!

डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. सीटवर बसले, पदर सावरला. जीप लगेच निघाली. मागे बघते तर स्टँडवर काशिनाथ, भोयेगुरुजी, आमची रोजची सगळी मंडळी हात उंचावून उभी. काशिनाथ तर उड्या मारत होता, शिट्ट्या वाजवत होता. गुरुजी छत्री हलवत होते. मला भरून आलं. केवढं प्रेम या माणसांचं! मीही दोन्ही हात वर करून हलवले. खांदेसुद्धा दुखले नाहीत!

गावाबाहेर आल्यावर शेजारच्या बाईला विचारलं, "कुठे निघालात?"

"विक्रमगडला."

मी पुढे बघितलं. ड्रायव्हर अनोळखी. माणसं अनोळखी. रस्तासुद्धा मोखाड्याचा नाही, उताराचा.

"थांबवा!" मी ओरडले. जीप थांबली. मी उतरले, पिशवी खांद्याला लावली आणि जेवढा उतार उतरले होते तेवढा चढायला लागले. थोडी चालायचे, झाडाखाली थांबायचे, परत चालायचे. वाटेत काशिनाथ मला शोधत आला. पूर्ण भरलेली जीप घेऊन! सगळे प्रवासी खिडक्यांतून माझ्याकडे बघत होते.

मी धापा टाकत म्हटलं, "अरे, तुम्ही हाका मारत होतात होय? मला वाटलं, कौतुक करताय."

काशिनाथ म्हणाला, "कौतुकच होता, शिस्टर. चढल्या झकास. फक्त जीप चुकली!"

\*

सुमनचं एक राहिलं. ती लसीकरणाच्या दिवशी नेहमी माझ्या शेजारी बसते. आजारपणाच्या त्या दोन वर्षांत एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. ह्यांनासुद्धा नाही. बाळ हातात घेतलं, की माझे दंड थरथरायचे. भीती वाटायची, की निसटेल. चोवीस वर्षांत शेकडो बाळं या हातांनी धरली आणि आता दूध पिऊन गुटगुटीत झालेलं एखादं पोर आईने पुढे केलं, की मी इंजेक्शनशी उगाच चाळा करत बसायचे.

आणि दर वेळी सुमन मध्येच हात घालायची. "द्या माझ्याकडं, द्या माझ्याकडं! शिस्टर, मी घेते हां. मला बाळं फार आवडतात!" बाळ तिच्या मांडीवर, मी फक्त सुई टोचायची. बाळाने तिच्या साडीवर काय काय केलं, तरी तिचं आपलं, "मला आवडतात बाळं!" मी मनात म्हणायचे, बरं झालं, हिला हौस आहे!

मी बरी होऊन परतले, तेव्हा पहिल्याच सत्राला एक जाडजूड, रडका बाब्या आला. मी सवयीने सुमनकडे बघितलं. तिने हात मागे घेतले.

"घे ना गं," मी म्हटलं.

"तुमचा तुम्ही घ्या आता," सुमन म्हणाली. "मला बाळं काय एवढी आवडत नाहीत!"

\*

आता जनीआजीचं सांगते. ती वरच्या पाड्यावर राहते, अगदी शेवटच्या घरात. कुडाचं घर, पण सारवून आरशासारखं ठेवलेलं.

पाड्यावर घरभेटीला गेलं, की लोक 'बस बाय' म्हणतात आणि जमिनीवर गोणपाट टाकतात. त्यांच्याकडे खुर्च्या कुठून येणार? आजारी असताना मी बसायचेच नाही. बसले तर उठणार कशी? चार जणांनी धरून उठवायचं, तेही नर्सला? त्यापेक्षा दारातूनच विचारपूस करायची, गोळ्या द्यायच्या आणि 'घाई आहे' म्हणून निघायचं. दोन वर्षं मी अशीच दारातून फिरले. पुढे सुमनकडून कळलं, की पाड्यावर म्हणतात, शिस्टर आता मोठी झाली, आमच्या जमिनीला तिचं अंग लागत नाय. हे ऐकून मला जे वाटलं ते सांगता येणार नाही. पाय गेले होते त्यापेक्षा ते वाईट होतं.

म्हणून बरी झाल्यावर मी ठरवलं, की प्रत्येक घरात जाऊन बसायचं. बसायचं म्हणजे जमिनीवर, मांडी घालून! तसं सुरू केलं. पहिल्या घरात उठताना मांडीवर हात टेकवावा लागला, पण उठले. दुसऱ्या घरात बरं जमलं. असं करत करत शेवटी जनीआजीकडे पोचले.

आजी दारातच होती.  मी चपला काढल्या, आत गेले आणि सरळ जमिनीवर बसले.  मग आजीही माझ्या शेजारी येऊन बसली, अगदी खेटून. सुनेला म्हणाली, "चहा ठेव."

"नको आजी," मी म्हटलं. खरोखरच नको होता. प्रत्येक घरात एकेक झाला होता. "उशीर झालाय. पुढच्या वेळी नक्की. निघते मी."

आजीने सुनेला चुलीकडे बोट दाखवलं.

मी पाय जवळ घेतले, पुढे झुकले, मांडीत जोर घेतला. आणि उठताच येईना! अर्धवट उठायचे आणि कुणीतरी मागे खेचल्यासारखी खाली बसायचे. परत केलं. परत तेच.  आजार परत आला! दुसरी ग्रंथी फुगली असणार. परत नाशिक, परत गळा, परत ती मूठ आवळायची.   आणि इतक्या दिवसांचं धरून ठेवलेलं रडू एकदम फुटलं.

"आजी," मी हुंदके देत म्हटलं, "माझे पाय परत गेले गं! मला उठता येत नाही!"

जनीआजी जागची हलली नाही. आतल्या चुलीकडे बघत शांतपणे म्हणाली, "पाय कठं जातात? मी बसलीय तुझ्या लुगड्यावर. दोन वर्सं दारातून पळालीस. आज चहा पिल्याबिगर सोडायची नाय!"